स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शापापलीकडेही वाचण्यासारखे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीविषयी जो लेख आला, त्यात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील होली ट्रिनिटी चर्च एका परिच्छेदात उरकले आहे, आणि त्या परिच्छेदातही शेक्सपिअरच्या थडग्यावरील शापापलीकडे काही नाही. यात लेखकाचा दोष कमी आणि रिवाजाचा जास्त आहे. आपल्याकडच्या सहलींचे गट तेथे जातात, मार्गदर्शक शापाच्या चार ओळी म्हणून दाखवतो, फोटो निघतात आणि मंडळी बसकडे वळतात. महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी साहित्य शिकवलेल्या माझ्यासारखीला याची हळहळ वाटते, कारण त्या दगडाच्या दोन्ही अंगांना त्याच कुटुंबाचे आणखी चार दगड आहेत, त्या प्रत्येकावर लेख आहे, आणि त्यांतला एक लेख तर शंभराहून अधिक वर्षे पुसला गेलेला होता. हे सारे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चर्चच्या पूर्वेकडील, वेदीलगतच्या भागाला चॅन्सल म्हणतात. तेथे वेदीकडे तोंड करून उभे राहिले की फरशीतच बसवलेले हे दगड एका ओळीत दिसतात. डावीकडून पहिला पत्नी अ‍ॅन हिचा, दुसरा शेक्सपिअरचा, तिसरा नातजावई थॉमस नॅश याचा, चौथा जावई जॉन हॉल यांचा आणि पाचवा थोरली मुलगी सुझॅना हिचा. ही मानाची जागा थोर नाटककार म्हणून मिळाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात १६०५ साली शेक्सपिअरने त्या परिसरातील दशमांशाच्या (मूळ चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या, पिकाच्या दहाव्या भागाच्या) उत्पन्नाचा हिस्सा ४४० पौंड देऊन विकत घेतला होता, आणि अशा हिस्सेदाराला चॅन्सलमध्ये पुरले जाण्याचा हक्क मिळत असे. म्हणजे ती जागा गावातल्या एका प्रतिष्ठित मालमत्ताधारकाची आहे. त्याच्या दगडावर नावसुद्धा नाही, फक्त चार ओळी आहेत: 'सन्मित्रा, येशूची आण तुला, येथे झाकलेली माती उकरू नकोस; या दगडांना जो सांभाळील त्याचे कल्याण होवो, आणि माझी हाडे जो हलवील तो शापित होवो.'

या ओळींभोवती गूढतेचे बरेच वलय उभे केले गेले आहे. २०१६ साली रडारच्या साहाय्याने केलेल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा थडगे एक मीटरपेक्षाही उथळ असल्याचे आणि डोक्याच्या बाजूची जमीन पूर्वी कधीतरी हलवली गेल्याचे दिसले, आणि लगेच शेक्सपिअरची कवटी चोरीला गेल्याची जुनी कथा पुन्हा वर आली. पण शापाचे कारण अगदी व्यावहारिक आहे. चॅन्सलच्या उत्तरेकडील भिंतीला लागूनच त्या काळी अस्थिगृह होते. नव्या मृतांसाठी जागा करायची झाली की जुनी हाडे उकरून तेथे नेऊन टाकत. (ते अस्थिगृह १८०० च्या सुमारास पाडले गेले.) त्या अस्थिगृहाचा दरवाजा ज्याने आयुष्यभर पाहिला, त्याच्या थडग्यावर अशी विनवणी असावी यात नवल नाही. आपल्याकडच्या जुन्या दानलेखांच्या शेवटी दान मोडणाऱ्यासाठी शापवचन कोरलेले असते, तसाच हा बंदोबस्त आहे.

आता डावीकडच्या दगडाकडे पाहावे. अ‍ॅनचे निधन ६ ऑगस्ट १६२३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी झाले. तिच्या दगडावर पितळी पत्रा बसवलेला आहे आणि त्यावर नाव, तिथी, वय झाल्यावर सहा लॅटिन ओळी येतात. त्या ओळी अपत्याच्या तोंडी आहेत. त्यांचा आशय असा: आई, तू मला स्तन दिलेस, दूध दिलेस, प्राण दिलेस; आणि अरेरे, एवढ्या देण्याच्या बदल्यात मी तुला दगड देत आहे. त्यापेक्षा एखादा देवदूत येऊन हा दगड बाजूला सारो आणि ख्रिस्ताच्या देहासारखी तुझी मूर्ती बाहेर येवो, अशी प्रार्थना मी किती आवडीने केली असती! पण प्रार्थनांचा उपयोग नाही. ख्रिस्ता, लवकर ये, म्हणजे थडग्यात कोंडलेली माझी आई उठेल आणि ताऱ्यांकडे जाईल. हे वाचल्यावर पुन्हा शेजारच्या दगडाकडे नजर टाकावी. पतीच्या दगडावर, दगड हलवू नका म्हणून आण घातलेली आहे. पत्नीच्या दगडावर, दगड हलावा म्हणून लेकरू तळमळते आहे. हे दोन लेख हातभर अंतरावर असताना त्यांतला एकच वाचून परतणे म्हणजे अर्धा संवाद ऐकून उठून जाणे होय, असे मला मनापासून वाटते.

वर उत्तरेच्या भिंतीवर शेक्सपिअरचा प्रसिद्ध अर्धपुतळा आहे, आणि १६२३ सालापूर्वी तो तेथे बसवलेला होता. त्याखालच्या दोन लॅटिन ओळींत त्याला विवेकात नेस्टर (ग्रीक महाकाव्यातला शहाणा वृद्ध राजा), प्रतिभेत सॉक्रेटिस आणि कलेत रोमन कवी व्हर्जिल ठरवले आहे. पुढच्या सहा इंग्रजी ओळी, वाटसरा, एवढ्या घाईने का जातोस, असे विचारतात. त्या ओळींत 'सिथ' या शब्दाच्या जागी पाथरवटाने 'सिए' असे चुकून कोरले आहे, आणि चारशे वर्षे ती चूक तशीच भिंतीवर आहे. शेवटी बारीक अक्षरांत मृत्यूची तारीख, २३ एप्रिल १६१६, आणि वयाचे त्रेपन्नावे वर्ष अशी नोंद आहे. शेक्सपिअरची जन्मतारीख कोठेही लिहून ठेवलेली नाही. २६ एप्रिल १५६४ रोजी बाप्तिस्मा झाल्याचे तेवढे ठाऊक आहे. मृत्यूच्या दिवशी त्रेपन्नावे वर्ष लागलेले होते, म्हणजे जन्म २३ एप्रिल रोजी किंवा त्याच्या आधी, हा आधार या बारीक ओळीतून मिळतो. तो पुतळा मात्र अनेकांच्या हाती गेला. १७४६ साली एका फिरत्या नाटक मंडळीने त्याच गावात 'ऑथेल्लो'चा प्रयोग करून दुरुस्तीसाठी पैसे जमवले; १७९३ मध्ये एडमंड मलोन या विद्वानाच्या सल्ल्याने साऱ्या पुतळ्याला पांढरा रंग फासण्यात आला आणि १८६१ मध्ये तो काढून पुन्हा मूळ पद्धतीचे रंग देण्यात आले.

माझ्या पत्राचा खरा विषय मात्र उजवीकडचे शेवटचे दोन दगड आहेत. जॉन हॉल हे गावातले नामांकित वैद्य. त्यांनी लॅटिनमध्ये ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर १६५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. ते २५ नोव्हेंबर १६३५ रोजी वारले. त्यांच्या लेखाच्या अखेरच्या ओळी सांगतात की या थडग्याला काही उणे राहू नये म्हणून त्यांची अत्यंत निष्ठावान पत्नीही येथेच आहे, आणि जीवनातली सोबतीण मृत्यूतही त्यांना लाभली आहे. ही पत्नी म्हणजे सुझॅना. ती ११ जुलै १६४९ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी गेली. तिच्या दगडावरील दहा ओळींचा माझ्या परीने केलेला अनुवाद असा:

'स्त्रियांत विरळा अशी तिची बुद्धी, पण तेवढेच नाही. भली हॉलबाई मोक्षाच्या ज्ञानानेही शहाणी होती. पहिल्या गोष्टीत शेक्सपिअरचा काही अंश होता. दुसरी मात्र पूर्णपणे त्या प्रभूचीच देणगी, ज्याच्यापाशी ती आता आनंदात आहे. तर मग वाटसरा, सर्वांसाठी जी रडली तिच्यासाठी तुझ्यापाशी एकही अश्रू नाही काय? ती रडली, तरी इतरांना धीर देऊन उभे करायला तीच सरसावली. तुझे अश्रू संपून जातील तेव्हाही तिचे प्रेम जिवंत राहील, तिची दया पसरत जाईल.'

सतराव्या शतकातल्या एका स्त्रीच्या थडग्यावर तिच्या बुद्धीचा उल्लेख सर्वांत आधी यावा, आणि ती बुद्धी वडिलांकडून आली असे दगडावर कोरले जावे, हे मला फार मोलाचे वाटते. शेक्सपिअर स्वतः कसा होता याविषयी त्याच्या गावाने दिलेली साक्ष अत्यंत तुटपुंजी आहे, आणि त्या मोजक्या साक्षींपैकी ही एक त्याच्या लेकीच्या दगडावर आहे.

आणि नेमका हाच लेख खरवडला गेला. १७०७ साली वारलेल्या रिचर्ड वॉट्स नावाच्या गृहस्थासाठी जागा हवी होती, म्हणून सुझॅनाच्या ओळी काढून त्याच दगडावर त्याचा लेख कोरण्यात आला. ज्याच्याकडे हक्क आणि पैसा, त्याला चॅन्सलमध्ये जागा, हा जो नियम तिच्या वडिलांच्या उपयोगी पडला होता, तोच आता तिच्यावर उलटला. वास्तविक चर्चमधील जुनी स्मारके फोडण्यास आणि विद्रूप करण्यास मनाई करणारा जाहीरनामा पहिल्या एलिझाबेथ राणीने १५६० सालीच काढला होता. पण राणीच्या कागदाने एका सामान्य घरातल्या स्त्रीचा दगड वाचला नाही. शेजारी जॉन हॉल यांचा लेख मात्र, आपली निष्ठावान पत्नी येथेच आहे, असे सांगतच राहिला. शेजारी तिचे नाव नसताना एवढी वर्षे त्या ओळी तशाच वाचल्या जात होत्या, हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

१८४४ साली सुझॅनाच्या ओळी पुन्हा कोरल्या गेल्या. त्या कोणाच्या आठवणीतून आल्या नाहीत. सर विल्यम डगडेल या इतिहासकाराने १६५६ साली वॉरिकशायर परगण्याच्या पुरातन वास्तूंवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यात या चर्चमधील लेख उतरवून घेतलेले होते आणि सुझॅनाचाही लेख त्यांत होता. तिच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. डगडेलच्या या कामामागे एक भीती होती. १६४१ साली, यादवी युद्धाची चिन्हे दिसू लागताच, आपले आश्रयदाते सर ख्रिस्टोफर हॅटन यांच्या सांगण्यावरून तो एका चित्रकाराला सोबत घेऊन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, सेंट पॉल आणि इतर मोठ्या चर्चमधील थडग्यांची चित्रे व लेख उतरवत हिंडला. पुढे लंडनच्या १६६६ च्या आगीत जुने सेंट पॉल जळाले, तेव्हा तेथल्या नष्ट झालेल्या स्मारकांची माहिती त्याच्या १६५८ च्या पुस्तकात शिल्लक होती. त्याच्या ग्रंथातले शेक्सपिअरच्या पुतळ्याचे चित्र आजच्या पुतळ्याशी जुळत नाही. त्यात लेखणी नाही आणि हात एखाद्या पोत्यावर ठेवल्यासारखे दिसतात. परंतु सुझॅनाच्या बाबतीत त्याने जपून उतरवलेली अक्षरे कामी आली.

म्हणून माझी आपल्याला दोन गोष्टींची विनंती आहे. स्ट्रॅटफर्डविषयी आपण पुन्हा काही छापाल तेव्हा शापाच्या चार ओळींबरोबर अ‍ॅन आणि सुझॅना यांचे लेखही मराठीत द्यावेत. ज्या मराठी रंगभूमीने एकोणिसाव्या शतकापासून शेक्सपिअरला आपलेसे केले, तिच्या वाचकांना ते जड जाणार नाहीत. दुसरी विनंती आपल्यामार्फत सहली नेणाऱ्या संस्थांना आहे. चॅन्सलमधले दगड कठड्याच्या आतल्या बाजूला आहेत, अक्षरे जुन्या वळणाची आहेत आणि तीन दगडांवर लॅटिन आहे, त्यामुळे उभ्या उभ्या वाचून काही हाती लागत नाही. पाचही लेखांचा अनुवाद असलेला एक कागद बसमध्येच प्रवाशांच्या हाती दिला आणि चॅन्सलपाशी अर्धा तास दिला, तर बरीच मंडळी तो कागद घेऊन पाचही दगडांपुढे थांबतील, याची मला खात्री आहे.

असा अनुवाद मी तयार केला आहे आणि आपली इच्छा असल्यास कोणत्याही मोबदल्याशिवाय पाठवीन. त्यातला लॅटिन भाग छापण्यापूर्वी ती भाषा उत्तम जाणणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे