डच म्हणजे जर्मन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अलीकडे एका बातमीत बर्लिनच्या सरकारला ‘डच सरकार’ म्हटले होते, तर दुसऱ्या बातमीत रॉटरडॅम हे ‘जर्मन बंदर’ झाले होते. घाईगर्दीतली चूक म्हणून मी सोडून दिले असते. पण मी पुण्यात जर्मन शिकवते, आणि हा घोळ माझ्यापुढे सतत येतो. ‘‘जावयांना आइंडहोवनला नोकरी लागलीय, मुलगी तिकडे जायच्या आधी तिला कामापुरतं जर्मन शिकवाल का?’’ असे विचारणारे आईवडील नेहमी भेटतात. आइंडहोवन नेदरलँड्समध्ये आहे, तिथे डच बोलतात, असे सांगितले की ते म्हणतात, ‘‘म्हणजे जर्मनच ना!’’

नाही. या दोन भाषांचे नाते मराठी आणि गुजरातीसारखे आहे. पाण्याला जर्मनमध्ये ‘वासर’ म्हणतात, डचमध्ये ‘वाटर’. इतपत अंदाजाने कळते, पण अंदाज फसतोही. ‘बेलन’ म्हणजे डचमध्ये फोन करणे आणि जर्मनमध्ये भुंकणे! त्या मुलीने माझ्याकडे वर्षभर जर्मन शिकून आइंडहोवनच्या दुकानात काय बोलायचे?

गोंधळाचे मूळ इंग्रजीत आहे. जर्मन लोक आपल्या भाषेला ‘डॉइच’ म्हणतात. इंग्रज पूर्वी त्या बाजूच्या सगळ्यांनाच डच म्हणत. पुढे तो शब्द फक्त समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांपुरता, म्हणजे नेदरलँड्सच्या लोकांपुरता उरला. अमेरिकेतल्या ‘पेनसिल्व्हेनिया डच’ लोकांचे पूर्वज मुख्यतः जर्मन भाषक होते, ते यामुळेच. शिवाय हॉलंड हे देशाचे नाव नाही. नेदरलँड्सच्या बारा प्रांतांपैकी उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे फक्त दोन. तिथल्या सरकारनेही २०२० पासून जगासमोर नेदरलँड्स हेच नाव ठेवले आहे.

नावात काय एवढे, असे कुणी म्हणेल. पण १० मे १९४० रोजी जर्मनीने या देशावर हल्ला केला, चारच दिवसांनी रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बॉम्बफेकीत बेचिराख झाला. पाच वर्षे देश जर्मन ताब्यात होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत माणसे उपासमारीने मेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. ५ मे हा तिथे आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. अ‍ॅन फ्रँक जन्मली फ्रँकफर्टला; ज्यू असल्यामुळे तिच्या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली आणि चार वर्षांची असताना ती अ‍ॅमस्टरडॅमला आली. तिने डायरी लिहिली ती डचमध्ये. डच आणि जर्मन एकच मानले, तर तिला आसरा देणारा देश आणि तिच्या जिवावर उठलेली सत्ता यांतला फरकच पुसला जातो. याच रॉटरडॅमला ‘जर्मन’ म्हटलेले वाचून मला म्हणूनच वाईट वाटले.

आपल्याकडे पूर्वी हा फरक नीट माहीत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची नावे येतात तिथे फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार असे प्रत्येकाला वेगळे ओळखलेले आहे. वलंदेज म्हणजे हे डच, आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या भिंती पडक्या अवस्थेत का होईना, अजून उभ्या आहेत. कोकणात जाणाऱ्यांनी जरूर पाहाव्यात.

क्रीडा पानावर तर हा फरक अगदी जपायला हवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या हॉकीत आपल्याला उपांत्य फेरीत हरवले ते जर्मनीने, आणि अंतिम सामन्यात जर्मनीला हरवले ते नेदरलँड्सने. तिथे ‘डच’ कुणाला म्हणायचे हे चुकले, तर निकालच उलटा छापला जाईल.

आपल्या संपादकीय विभागाला विनंती, की देशाचे नाव नेदरलँड्स असेच छापावे आणि ‘डच’ हा शब्द तिथल्या लोकांसाठी, भाषेसाठी व संघासाठीच वापरावा. तसेच अर्थविषयक पानावर फ्रँकफर्टच्या ‘डॉइचे बँके’ची ‘डच बँक’ होऊ देऊ नये.

आपली,
एक वाचक, पुणे