सातबाऱ्याच्या पिशवीतलं पत्र

ओसरीतून, रात्री
27 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

घरातच बसून घरच्यांना पत्र लिहून राहिली म्हणून हसाल. पण भाऊबीजेला मामानं तो बायोडाटा आईच्या हातात दिला, मुलगा अमरावतीला, सरकारी नोकरी, घरी ओलिताचं वावर, आणि मी 'विचार करते' म्हणाले, तेव्हापासून रोज ठरवते की आज सांगू. सकाळी बाबा ढोरांमागे, दुपारी आई वावरात, रात्री टीव्ही. उद्या पहाटे मला नागपूरची गाडी धरायची आहे. म्हणून हे पत्र कोठीतल्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवते. कापूस विकायला नेताना बाबा ती पिशवी काढतीलच.

परवा आपण कपास किसान ॲपवर दोघांची नावं चढवली. क्विंटलला 8110 हमीभाव, पण नोंदणी असेल तरच, म्हणून बाबांची घाई. बाबांचं झालं आणि आईचं करायला घेतलं, कारण दीड एकर तिच्या नावावर. ओटीपी गेला पुण्याला भाऊच्या मोबाइलवर, तो मीटिंगमध्ये, आणि आई पदर सावरून फोटोसाठी भिंतीला टेकून पंधरा मिनिटं तशीच उभी. 'शेतकऱ्याचं नाव' या रकान्यात मी तिचं नाव टाइप केलं तेव्हा आई म्हणाली, "माह्यं कायले टाकतं, यायचंच टाक न." बाबा न बघताच म्हणाले, "जिचं वावर तिचं नाव."

ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. 1991. बायकोच्या नावावर जमीन करायच्या शरद जोशींच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेची हवा, बाबांच्या खिशाला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. दीड एकर आईच्या नावे करायचं ठरलं तेव्हा मोठेबाबा चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बायकोच्या नावानं वावर करतं, उद्या ते तुले बांधावर उभं करन." बाबांनी एवढंच विचारलं, "मी उद्या मेलो तं तिले बांधावर कोन उभं राहू देईन?" मग चावडीवर फेरफाराची नोटीस लागली, आक्षेपाला पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत आईला जेवण गेलं नाही, हे आजीनं मला सांगितलेलं.

आता माझं सांगते. माझं नाव गेल्या मे महिन्यात, 16 तारखेला, इंग्लंडमधल्या लीड्सच्या नोंदणी कार्यालयात एका कागदावर लागलं. त्याच्या शेजारी दुसरं नाव आहे सिस्टरचं. हो आई, आपली सिस्टर. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे बारा दिवस राहून गेली ती, जिला तू भाकर थापायला शिकवलंस आणि जिची प्रत्येक भाकर केरळच्या नकाशासारखी व्हायची. नर्स आहे म्हणून तू सिस्टर म्हणायला लागलीस आणि तिला ते फार आवडलं. मला मात्र दर वेळी ठसका लागायचा. आम्ही सहा वर्षं एका घरात राहतो. मी तिला मैत्रीण म्हणून आणलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला पुरुषाशी संसार करता येणार नाही, हे मला बारावीपासून कळतं.

याला तिकडे सिव्हिल पार्टनरशिप म्हणतात. मराठीत 'नोंदणीकृत सहजीवन' म्हणता येईल, पण ते पंचायत समितीच्या योजनेसारखं वाटतं. 2004 चा कायदा, डिसेंबर 2005 पासून लागू. तेव्हा बाई-बाईला किंवा पुरुष-पुरुषाला तिथे लग्न करता येत नव्हतं, म्हणून ही वाट काढली. 2014 पासून लग्नही करता येतं आणि 2019 च्या शेवटापासून स्त्री-पुरुषांनाही ही नोंदणी खुली झाली. पेन्शन, वारसाहक्क, कर, सगळीकडे नवरा-बायकोचे असतात तेच हक्क.

मग लग्नच का नाही केलं? हे आई विचारणार. तिथल्या लग्नात ठरलेले शब्द तोंडानं बोलावे लागतात, सगळ्यांसमोर. या नोंदणीला एक शब्द बोलावा लागत नाही. अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. दुसरीची सही झाली की झालं. लग्न म्हटलं की मला आपल्या अंगणातला मांडव दिसतो, अंतरपाट दिसतो, अक्षता कमी पडल्या म्हणून ओरडणारी आत्या दिसते. ते तुमच्या पाठीमागे करायची माझी हिंमत झाली नाही. सही करता आली.

आधी दोघींना सोबत जाऊन नोटीस द्यावी लागते. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, वेगवेगळं बसवून एकमेकींची माहिती विचारतात. मग ती नोटीस 28 दिवस सगळ्यांना वाचता येईल अशी लावतात. परदेशी पासपोर्टवाल्यांचे 70 दिवसही होऊ शकतात. आमचं 28 मध्येच भागलं. पण ते 28 दिवस मी आईसारखी काढले. तिथे आपल्या भावकीतलं कोण येऊन वाचणार आहे? तरी ऑफिसातून घरी जाताना मी दोनदा वाट वाकडी करून त्या इमारतीवरून गेले. आत मात्र गेले नाही.

त्या कागदावर आपल्या आईवडिलांची नावं आणि व्यवसाय लिहावे लागतात. मला हे माहीत नव्हतं. तिथल्या लग्नाच्या दाखल्यावर 2021 च्या मे महिन्यापर्यंत फक्त बापाचं नाव असायचं, या नोंदणीत मात्र सुरुवातीपासून आईचंही आहे. समोरच्या बाईनं विचारलं, वडील काय करतात? फार्मर. आई? मी क्षणभर थांबले. ती आपणहून म्हणाली, 'हाउसवाइफ' लिहू का? मी म्हटलं, नाही, फार्मर, तिच्या नावावर जमीन आहे. सिस्टर माझ्याकडे बघून हसायला लागली, कारण ही सातबाऱ्याची कथा तिनं माझ्याकडून पन्नासदा ऐकली आहे. तर आई, तुझं नाव तिथेही लागलंय, तुला न विचारता. साक्षीदार एक तिच्या वॉर्डातली नर्स, एक आमच्या खालच्या मजल्यावरची आजी. मी ते हिरव्या काठांचं, तू दिलेलं लुगडं नेसले होते. निऱ्या सिस्टरनं काढल्या, त्यामुळे फोटो कमरेच्या वरचेच बघा.

हे इतकी वर्षं का लपवलं, त्याचंही सांगते. 2018 च्या जानेवारीत आपल्या यवतमाळात एका मुलानं मुलाशी लग्न केल्याची बातमी पेपरात आली होती. मी तेव्हा सुटीवर घरी होते. बाबांनी वाचली, पेपराची घडी केली आणि म्हणाले, "लोकायचं लोकं पाहतीन." आई चुलीपाशी होती. "त्याच्या मायले किती घोर लागला असन," असं म्हणून तू भाजीत मीठ टाकलंस. मीठ दुप्पट पडलं होतं, कुणी काही बोललं नाही. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 377 कलमाखाली आता आमच्यासारख्यांना गुन्हेगार धरता येणार नाही. मी तेव्हा पुण्याला बसमध्ये होते, मोबाइलवर वाचलं आणि रडले. आनंद होताच, पण तुझं ते वाक्यही मनातून जात नव्हतं.

मग 2023 चा डिसेंबर. सिस्टर इथे आली आणि तिला डेंग्यू झाला. नागपूरच्या त्या दवाखान्यात रात्री अकराला मला सांगितलं, मैत्रीण चालत नाही, नातेवाईक आणा. तिचे आईवडील कोट्टायमला. बाबा, तुम्ही काहीच न बोलता पेन मागितलात, सही केलीत आणि नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहिलंत. तिकडच्या माणसानं तिचं मल्याळी नाव बघितलं, तुमचं धोतर बघितलं आणि फॉर्म ठेवून घेतला. तुम्हाला तेव्हा काय कळलं होतं, काय नव्हतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. नोंदणी करायचं आम्ही परतीच्या विमानात ठरवलं.

आता खोटी आशा लावत नाही. त्या कागदाला इथे किंमत नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की असं लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. आपले चंद्रचूड साहेब आणि आणखी एक न्यायाधीश अशा जोडीला काही मान्यता मिळावी या बाजूचे होते, पण तिघे विरुद्ध. फेरविचाराचे अर्जही यंदा जानेवारीत फेटाळले गेले. मागच्या वर्षी सरकारनं इतकं कळवलं की दोघींना बँकेत जॉइंट खातं काढता येतं, एकीला दुसरीची नॉमिनी लावता येते, आणि रेशन कार्डासाठी अशा जोडीला एक कुटुंब धरावं. म्हणजे तांदळापुरतं आमचं कुटुंब आहे! नागपूरच्या विमानतळावर उतरलो की आम्ही परत दोन मैत्रिणी.

गावात सांगा असं मी म्हणत नाही. मोठेबाबांना तर नकोच. मामाला मात्र 'नाही' असं कळवा, त्या मुलाला ताटकळत ठेवू नका. कारण काय सांगायचं ते आई, तू ठरव. बायोडाटा फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीखाली आहे.

सोबत त्या कागदाची झेरॉक्स आहे. इंग्रजीत आहे, पण तुमची दोघांची नावं वाचता येतील. राग आला तर माझ्यावर काढा, तिच्याशी नीट बोला. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचे वारांचे डबे तिनंच पाठवलेत, निळा रात्रीचा, जेवणानंतरचा. कालपासून तिथली घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे दुपारचे तीन. या आठवड्यात तिची रात्रपाळी आहे, तीनला ती उठलेली असते. नंबर झेरॉक्सच्या मागे लिहिलाय.

तुमची,
मोठी