एक-चौदा (जमिनीचा उतारा) वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचे आम्हांला पंचायतीच्या क्लार्ककडून कळले. निरोप समारंभ करायचा आमचा बेत होता, पण तुम्ही शनिवारी आलात, राहिलेल्या सह्या केल्यात आणि चहासुद्धा न घेता गेलात. म्हणून हे पत्र. नाव लिहीत नाही. सरकारी नोकरीत कौतुकही कधीकधी अंगाशी येते.

'स्वयंपूर्ण गोवा' हा सरकारी कार्यक्रम 1 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाला. गोव्यातल्या 191 पंचायतींसाठी सरकारी अधिकारी 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून नेमले गेले आणि आमच्या वाट्याला तुम्ही आलात. आता खरे सांगायला हरकत नाही. पहिल्या बैठकीला आम्ही बाराजणी आलो त्या, शिलाई मशीन वाटणार आहेत अशी आवई उठली होती म्हणून!

आमचा गाव डिचोलीच्या खाणपट्ट्यातला. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्या ट्रकचे निम्मे हप्ते फिटायचे होते. मध्ये थोडी धुगधुगी आली, पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज रद्द केल्यावर तीही गेली. ट्रक भंगाराच्या भावात विकला. शेताकडे तोवर कोणी बघितलेच नव्हते. पावसात वरून खाणीचा तांबडा गाळ उतरायचा, आणि ट्रकचा पैसा येत होता तोवर त्याचे कोणाला काही वाटले नाही. मग 2020 चा लॉकडाऊन आला, बेळगावची भाजी अडकली आणि दारात शेत असून आम्ही आठवडाभर सोलकढी नि सुक्या बांगड्यावर काढला.

तुम्ही भाषण केले नाहीत. "एक-चौदा घेऊन या," एवढेच म्हणालात. पुढल्या शनिवारी आम्ही ते कागद घेऊन देवळाच्या मंडपात बसलो. माझ्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात सासऱ्यांचे नाव. ते जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. शेजारणीच्या उताऱ्यावर तर कुळच नाही, नुसता भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याची मुले लिस्बनला. कोणाची कृषी कार्डे का होत नाहीत, बियाण्याची, पंपाची सबसिडी का मिळत नाही, हे त्या दिवशी कळले. त्याआधी एका कार्यालयाने मला पाच वेळा परत पाठवले होते. दर वेळी "कागद अपुरे" म्हणून, पण कोणता कागद ते एकदाही सांगितले नव्हते. तुम्ही पेन्सिलीने रकान्याभोवती गोल काढलात, "इथे तुमचे नाव यायला हवे," म्हणालात आणि त्यासाठी काय काय लागेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेत. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

बाकीची जुळवाजुळव कशी केलीत, ते तुम्हांलाच ठाऊक. शेजारच्या पंचायतीशी आमचे जत्रेच्या मानपानावरून वाकडे. तरी दोन्ही सरपंचांना एका टेबलावर बसवलेत. विभागीय कृषी कार्यालयाचा माणूस आणलात. दूध सोसायटीची रिकामी खोली भाजी जमवायला मागून घेतलीत. फलोत्पादन महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडून भाजी घेते, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीतच नव्हते. आम्ही त्यांच्या गाड्यावर भाजी विकत घेणाऱ्या!

पहिल्या वर्षी तांबडी भाजी, मुळा आणि भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे चवळीसारखे कडधान्य. अळसांदे बरे झाले, मुळा किड्याने खाल्ला. पण खरा हात दिला तो माटोळीने, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या सजावटीने. चतुर्थीच्या आधी दोन्ही गावांतल्या बायकांनी माट्टी, कांगलां, कवंडाळ, आंबाडे, सुपारीचे घोस असे सगळे एकत्र केले आणि डिचोलीच्या बाजारात एका रांगेत बसल्या. पूर्वी प्रत्येक जण आपापली पाटी घेऊन कोपऱ्यात बसायची आणि दुपारनंतर मिळेल त्या भावात देऊन घरी पळायची. त्या दिवशी भाव आम्ही सकाळीच ठरवला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. माझी सासू गोणपाटावर बसून गिऱ्हाइकाला सांगत होती, "दुसरीकडे विचार, तिथेही हाच."

सगळेच जमले असे नाही. भाजी न्यायला गाडी मिळणार होती, ती अजून फायलीतच आहे. पैशांच्या हिशेबावरून एक गट फुटला. त्यात माझ्या जिभेचाही दोष होता, हे तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलेत. तेव्हा राग आला होता. आणि ग्रामसभेत पुरुष मंडळी अजून आमचा विषय शेवटी घेतात, जेवणाची वेळ झाल्यावर. पण आता आम्ही उठून जात नाही.

माझे नाव उताऱ्यावर चढले, कृषी कार्डही झाले. शेजारणीचे कुळाचे प्रकरण मात्र मामलेदारांकडे आहे आणि पुढची तारीख या सोमवारी. मागच्या वेळी तुम्ही सोबत होता. या वेळी आम्ही तिघी जातोय. जमिनीचा खंड भरल्याच्या जुन्या पावत्या तिच्या आजेसासूच्या पेटीत सापडल्या, त्या झेरॉक्स करून फायलीला लावल्यात. मूळ पावत्या देऊ नका, असे तुम्हीच सांगितले होते ना?

तुमची,
बचत गटाची सचिव