एका मोज्याचा क्लेम

चिपळूण,
रविवार

प्रिय बाळ्या,

ओंकारला कुवेतमधल्या अमेरिकन लष्कराच्या अरिफजान कॅम्पात लाँड्रीचं काम मिळतंय, एजंट दीड लाख मागतोय, पाठवू का, एवढंच विचारलंयस. फोनवर मी हो-नाही म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून लिहायला बसलो.

अफगाणिस्तानातल्या बगराम तळाचं तुला सांगितलं ते सगळं गमतीचं. अमेरिकन सैनिकांचे कपडे धुवायचो, भोंगा वाजला की चपला शोधत बंकरकडे पळायचो, वगैरे. कागदांचं कधी बोललो नाही. लाज वाटायची म्हण.

मी कुणाचा नोकर, हेच मला दोन वर्षांत नीट कळलं नाही. काम अमेरिकन लष्कराचं. ठेका एका बड्या कंपनीला, पोटठेका दुबईच्या कंपनीला, आणि तिला माणसं पुरवली मुंबईच्या एजंटाने. बिल्ल्यावर 'टीसीएन', म्हणजे तिसऱ्या देशाचा माणूस. आपण, नेपाळी, फिलिपिनो, सगळे त्यातच. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.

लाँड्रीत पिशवी सैनिकासमोर ओतायची, एकेक नग मोजून फॉर्मवर लिहायचा. मोजे जोडीने नाही, नगाने. एकदा एका पोराचा एक मोजा कमी भरला. एक! त्याने क्लेम केला, तीन सह्या झाल्या, आठवड्यात नवी जोडी हातात. त्याच महिन्यात ड्रायरच्या दारात माझी दोन बोटं चेंगरली. त्याचा फॉर्म कुणी काढला नाही. मॅनेजर म्हणाला, टीसीएनला विमा नसतो. पट्टी बांधून दुबईमार्गे घरी पाठवलं.

विमा होता रे. अमेरिकेचा १९४१ चा डिफेन्स बेस ॲक्ट आहे. त्यांच्या सरकारी ठेक्यावर परदेशात राबणारा कुठल्याही देशाचा असो, पोटठेकेदाराचा का असेना, त्याला उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचे दोन तृतीयांश मिळतात. इजा ३० दिवसांत लेखी कळवायची, क्लेम वर्षाच्या आत. मला हे कळलं तीन वर्षांनी, तिथल्याच एका नेपाळी दोस्ताकडून. तोवर बोटं वाकडीच जुळली होती. भजनात पखवाजावर माझी थाप कशी पडते ते तू ऐकतोसच.

तेव्हा दीड लाख द्यायचे नाहीत. आपल्या सरकारच्या नियमाने नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. अमेरिकन सरकारी ठेक्यावर तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला आणि पासपोर्ट अडकवून ठेवायला बंदी आहे. ओबामांनी २०१२ मध्ये तसा आदेश काढला. मी तेव्हा तिथेच होतो, आमच्या कपाटाचं कुलूप काही निघालं नाही. म्हणून आदेशावर विसंबू नकोस, कागद माग. मूळ ठेका कुणाचा, विमा कुठल्या कंपनीचा, सगळं लेखी. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या आपल्या सरकारी वेबसाइटवर बघ. आणि कामाचं ठिकाण करारात हवंच. २००४ मध्ये बारा नेपाळी जॉर्डनच्या नोकरीला म्हणून निघाले, त्यांना नेलं इराकला, आणि तिथे अतिरेक्यांनी धरून मारलं.

करार आला की सहीआधी फोटो पाठव. ओंकारला एकदा इकडे धाड, बोटं दाखवतो. वहिनींना मात्र पत्र वाचायला देऊ नकोस, त्या पोराला उंबऱ्याबाहेर सोडायच्या नाहीत. आणि जाऊच नये असं मी कुठे म्हणतोय? माझं घर त्याच पैशावर उभं आहे.

तुझा,
विजू