बियाणं भिजवलं म्हणजे जमीन सुधारली असं नाही

मा. संपादक,

क्षारपड रानात बीजप्रक्रिया करा, म्हणजे पेरण्याआधी बियाणं भिजवून सुकवा, असं हल्ली तुमच्याकडच्या यशोगाथांमधून सारखं वाचायला मिळतं, सल्ला चांगलाच आहे पण अर्धाच सांगतात म्हणून लिहितोय. मीठ रोपाला दोन वेळा मारतं, आधी ओल असूनही बियाला पाणी ओढता येत नाही आणि मग सोडियम-क्लोराइड आत साठून पानांच्या कडा करपतात. बियाणं भिजवून परत सुकवलं की उगवणीची बरीचशी तयारी आतल्या आत झालेली असते, त्यामुळे पेरल्यावर कोंब लवकर आणि एकसारखे वर येतात, नांगे (ओळीत न उगवलेल्या रिकाम्या जागा) कमी पडतात. एवढंच तिचं काम.

साध्या पाण्यानंही बराच फरक पडतो हे फारसं कुणी सांगत नाही (त्यात विकायला काही नाही ना!). गहू साधारण 12 तास, हरभरा 8, मका 12 ते 18. त्यापुढे जायचं तर अर्धा ते एक टक्का पोटॅशियम नायट्रेट, नाहीतर सॅलिसिलिक अ‍ॅसिड लिटरला 50 ते 100 मिलिग्रॅम, पण जास्त टाकलं तर उगवणच मार खाते. मोड दिसायच्या आत बाहेर काढून सावलीत सुकवायचं, मोड फुटलेलं बी सुकवलं की गेलंच, आणि सुकवलेलं लगेच पेरायचं, पुढच्या हंगामाला ठेवलं तर उगवण घटते. औषध लावलेलं रंगीत बियाणं भिजवू नका, सगळं धुऊन जातं. सोयाबीन, भुईमुगाची साल नाजूक, त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

आता जमिनीचं. ईसी, म्हणजे मातीतले क्षार किती ते सांगणारी विद्युत वाहकता (डेसिसायमन प्रति मीटरमध्ये), 4 च्या वर गेली की क्षारपड म्हणतात, पण घेवड्याचं उत्पन्न 1 च्या पुढेच घटायला लागतं, कांद्याचं 1.2 ला, गहू 6 पर्यंत तग धरतो आणि कापूस 7.7 पर्यंत. म्हणजे पीक बदलून जे साधतं ते भिजवून साधेलच असं नाही. चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीला जिप्सम लागतंच, आणि चर काढून निचरा केल्याशिवाय मीठ खाली जाणार कुठून? बियाण्याला लावलेलं काहीही रानातलं मीठ कमी करत नाही, पुड्यावर काहीही छापलेलं असो.

म्हणून एक विनंती, अशा यशोगाथा छापताना त्या मातीची ईसी किती होती आणि शेजारी न भिजवलेल्या बियाण्याची ओळ पेरली होती का, एवढं विचारून मगच छापा.

आपला,
एक वाचक