दुर्मीळ मृदांचा प्रकाशही लक्षात घ्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून आपल्या दैनिकात या मूलद्रव्यांविषयी वरचेवर लिहून येते. मोटारींतील चुंबके, खाणी आणि आयात हेच त्यातले विषय असतात. त्या सातांपैकी टर्बियम हिरवा उजेड देते आणि आवर्तसारणीत त्याच्यापासून एक घर सोडून बसलेले युरोपियम तांबडा, ही गोष्ट मात्र माझ्या वाचनात आली नाही. उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेल्याने ही उणीव मला खटकते.

या कुळाचा प्रकाशाशी संबंध जुनाच आहे. लग्नाच्या मांडवात आणि तमाशाच्या फडात फुरफुरणाऱ्या गॅसबत्तीच्या मँटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीत, थोरियम ऑक्साइडाबरोबर याच कुळातल्या सिरियमचे ऑक्साइड सुमारे एक टक्का असे, आणि आज घरोघरी लागलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळ्या प्रकाशाला पिवळ्याची जोड देणारेही बहुधा सिरियमच असते.

युरोपियम, टर्बियम, सिरियम ज्यांत मोडतात त्या लँथॅनाइड मूलद्रव्यांच्या आयनांचे, म्हणजे विद्युतभारित अणूंचे, प्रकाश देणारे ‘४एफ’ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आडोशाला असल्यामुळे त्यांच्या प्रकाशाचा रंग परिसर बदलला तरी फारसा हलत नाही. युरोपियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ६१५ नॅनोमीटरच्या आसपास, तर टर्बियमच्या प्रकाशाची ५४५ च्या जवळ ठरलेली. अडचण अशी, की हे आयन स्वतः प्रकाश फारच थोडा शोषतात. त्यावरचा उपाय १९४२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ वाइसमन यांच्या प्रयोगांतून पुढे आला: आयनाला असा सेंद्रिय रेणू जोडायचा, की जो अतिनील किरण शोषून ती ऊर्जा आयनाच्या हाती देईल. युरोपियम क्लोराइडचे पाण्यासारखे दिसणारे द्रावण अतिनील दिव्याखाली जवळजवळ काळेच राहते आणि योग्य संयुगाचे काही थेंब पडताच परीक्षानळी निखाऱ्यासारखी लाल होते, हा प्रयोग मी अनेक वर्षे वर्गात दाखवला. शेवटच्या बाकावरची मुलेही त्या दिवशी पुढे येत.

या मार्गावरचा पुढचा टप्पा म्हणजे क्लस्टर. मी त्याला ‘घड’ म्हणतो, कारण ऑक्सिजनच्या पुलांनी एकमेकांना बांधलेले नऊ, कधी वीसही लँथॅनाइड आयन एकाच रेणूत मण्यांसारखे लगडलेले असतात आणि त्यांच्याभोवती सेंद्रिय रेणूंचे कवच असते. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने आयनाची ऊर्जा परस्पर गिळतात. हे कवच पाण्याला थोडे दूर ठेवते. एकाच घडात टर्बियम आणि युरोपियम एकत्र बसवले, तर ऊर्जा पहिल्याकडून दुसऱ्याकडे वाहते, आणि तापमानानुसार हिरव्या-तांबड्याचे प्रमाण बदलत असल्याने असा रेणू सूक्ष्म तापमापकाचे काम करू शकतो. अर्थात आयन फार दाटीने बसले, तर ते एकमेकांचा उजेड विझवतातही, त्यामुळे घड मोठा तितका प्रकाश जास्त, असा सरळ हिशेब येथे चालत नाही.

प्रतिमांकनात, म्हणजे पेशी-ऊतींची चित्रे घेण्यात, या आयनांचा उपयोगी गुण आहे तो त्यांचा प्रकाश रेंगाळण्याचा. पेशी व ऊती स्वतःहून चमकतात ती चमक काही नॅनोसेकंदांत विरते, तर युरोपियमचा प्रकाश मिलिसेकंदापर्यंत टिकतो. क्षणभर थांबून मग मोजमाप केले, की पार्श्वभूमीचा गोंधळ उरत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातील थायरॉइडशी संबंधित संप्रेरक मोजण्यासाठी युरोपियमची साधी संयुगे याच तत्त्वावर वापरली जातात. घडांची मजल अजून तेवढी नाही. मिशिगन विद्यापीठाचे पेकोरारो आणि फ्रान्समधील ऑर्लेआँचे पेटू यांच्या गटांनी जरा वेगळ्या धाटणीचा घड रचला, एकाच लँथॅनाइड आयनाभोवती १६ जस्त आयनांचा पिंजरा असलेला; त्यात इटर्बियम हे लँथॅनाइड बसवले, की ९८० नॅनोमीटरजवळचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मिळतो, आणि त्याच्या साहाय्याने मृत पेशी ओळखता आल्या. हे काम काचेच्या बशीतील पेशींवर झाले आहे. त्यामुळे कोणी यावरून ‘कर्करोगावर नवा उपाय’ असा मथळा दिला, तर तो कृपया छापू नये.

चुंबकांसाठी हजारो टन माल आणि शुद्धीकरणाचे कारखाने लागतात. आपल्या किनाऱ्यांवरील वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट या खनिजामध्ये हलकी लँथॅनाइडे मुबलक आणि टर्बियमसारखी जड मूलद्रव्ये अत्यल्प असल्याने तिथे आपली ओढाताण होणारच. प्रकाशमान घडांच्या संशोधनाला मात्र काही ग्रॅम क्षार, चांगला प्रकाशमापी आणि रेणू रचण्याचे कसब एवढे पुरते. हे कसब आपल्या विद्यापीठांतील रसायनशास्त्र विभागांकडे आहे. आपल्या विज्ञानविषयक पुरवणीने त्यांपैकी एखाद्या प्रयोगशाळेत वार्ताहर पाठवावा, आणि सोबत छायाचित्रकारही असावा, कारण अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्यावर जे दिसते ते शब्दांत पुरेसे उतरत नाही.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सांगली