३० लिटरच्या फर्मेंटरचे गळके झाकण, चुकीची तोटी आणि घातक माहितीपत्रक

दि. १९ मे
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : प्लॅस्टिकच्या ४ फर्मेंटरपैकी ३ सदोष निघाल्याबाबत

स.न.वि.वि.

आमच्या परवानाधारक मायक्रोब्रूअरीत कोणतीही नवी बिअर मोठ्या टाकीत करण्याआधी २० लिटरची चाचणी बॅच लावली जाते. त्यासाठी तोटी व एअरलॉकसह (आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी) तुमचे ३० लिटरचे ४ फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याची भांडी, घेतले. ३० लिटरचे मुद्दाम घेतले, कारण वर फेस चढायला जागा लागते. नाहीतर फेस एअरलॉकमध्ये शिरून तो तुंबतो आणि झाकण उडते. मापाबद्दल तक्रार नाही. तक्रार झाकण, तोटी आणि माहितीपत्रकाबद्दल आहे.

एअरलॉकमध्ये बुडबुडे येत नाहीत असे कळवल्यावर तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, "यीस्ट मेलंय, नवीन टाका." यीस्ट ठणठणीत होते. वर्टची (न आंबलेल्या गोड माल्टच्या पाण्याची) घनता सुरुवातीला १.०४८ होती, ती सहाव्या दिवशी हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या नळीवर) १.०१२ भरली, म्हणजे यीस्टने साखर आंबवली होती. अशा २० लिटरमधून ढोबळमानाने ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. एवढा वायू गेला कुठून? झाकणाच्या कडेतून.

खात्री करायची असेल तर फर्मेंटर रिकामा करा, झाकण चारी बाजूंनी दाबून बसवा, एअरलॉकमध्ये निम्मे पाणी भरा आणि फर्मेंटरचे पोट तळहाताने हलके दाबून धरा. पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक पडतो. झाकण पक्के असेल तर हात तसाच ठेवला असता तो फरक टिकतो. तुमच्या तीन नगांत १० सेकंदांत पातळी सारखी झाली. कडेला साबणाचे पाणी लावले तेव्हा दोन ठिकाणी फुगे आले : झाकणाच्या खाचेत, जिथे रबरी रिंगच नाही, आणि ग्रोमेटभोवती (एअरलॉक ज्यात बसतो ती झाकणाच्या भोकातली रबरी कडी). ग्रोमेट १२.५ मिमी भोकासाठी आहे, भोक पाडलेय १६ मिमीचे. बोटाने ढकलले तरी ग्रोमेट आत पडतो.

आंबवण जोरात असते तोवर अशा गळतीने फारसे बिघडत नाही, कारण वायू बाहेरच ढकलत असतो. खरे नुकसान नंतर होते. गाळ बसवण्यासाठी बिअर १९ अंशांवरून ४ अंशांवर आणली की वरच्या १० लिटर जागेतला वायू आकसतो, थोडा बिअरमध्ये विरघळतो, आणि निदान अर्धा लिटर हवा कडेतून आत ओढली जाते. त्यातल्या ऑक्सिजनने बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. दोन बॅच ओतून द्याव्या लागल्या त्या यामुळेच.

तोटीचा वॉशर बाहेरून बसवला आहे. तो आतून हवा. बाहेरून असला की बिअर आट्यांत शिरते, तिथेच आंबते, आणि पुढच्या बॅचला आंबूस वास लागतो. शिवाय भांड्याची भिंत गोलाकार असल्याने तुमचा कडक, पातळ वॉशर तिच्यावर टेकतच नाही. ३ मिमी जाडीचा मऊ सिलिकॉनचा टेकतो, तो आम्ही बसवून पाहिला. भोकाच्या कडेला ड्रिलची बरही (उरलेली खरखरीत धार) तशीच राहिली आहे. ती घासायला जाल तर आत चरे पडतील, आणि चऱ्यांत बसलेल्या जंतूंपर्यंत सॅनिटायझर नीट पोचत नाही. तोटी तळापासून जेमतेम २ सेंमीवर आहे, म्हणजे थेट गाळात. ४ ते ५ सेंमीवर हवी.

बाहेरच्या खुणाही चुकल्या आहेत. २० च्या खुणेपर्यंत मापाच्या भांड्याने २१.५ लिटर पाणी बसले. त्या खुणेवर विसंबून पाणी वाढवले तर १.०४८ ची घनता १.०४५ वर येते.

माहितीपत्रकात "वापरापूर्वी उकळते पाणी ओतून निर्जंतुक करा" असे छापले आहे. हे आधी काढून टाका. उकळत्या पाण्याने पॉलिस्टायरीनचा एअरलॉक वाकतो आणि झाकणाचा आकार बिघडू शकतो. कोमट पाण्याने मऊ फडक्याने धुऊन मग नंतर पाण्याने धुवावा न लागणारा सॅनिटायझर वापरा, एवढे लिहिले तरी पुरे. "फूड ग्रेड" असा दावाही आहे, पण आयएस १०१४६ चा (अन्नाला लागणाऱ्या पॉलिथिलीनसाठीचे भारतीय मानक) उल्लेख ना भांड्यावर ना पावतीवर. प्लॅस्टिक वास धरून ठेवते, लोणच्याचा डबा कितीही घासला तरी कळतोच, त्यामुळे ते कुठल्या कच्च्या मालाचे आहे हे आम्हाला माहीत असायला हवे.

सबब, रिंग असलेली व १२.५ मिमी भोकाची ३ झाकणे, ४ सिलिकॉन वॉशर आणि प्लॅस्टिकचे प्रमाणपत्र १५ दिवसांत पाठवावे. तोटीची जागा भोक पाडून झाल्यावर बदलता येत नाही, म्हणून ते तीन नग परत घेऊन बदलून द्यावेत किंवा त्यांची रक्कम परत करावी. नेण्याचे भाडे तुमच्याकडे. सदोष नग धुऊन, बांधून तयार ठेवले आहेत. साबणाच्या फुग्यांचे आणि ग्रोमेटचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
चाचणी विभाग,
परवानाधारक मायक्रोब्रूअरी, नाशिक

सोबत : पावतीची प्रत, ६ फोटो